राइट आउटचा स्मृतिदिन

अत्यंत गंभीर व महत्त्वाची सूचना. इमारतीतील सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, सालाबादप्रमाणे याही वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ठीक दहा वाजता दुसऱ्या मजल्यावर साहेबांचा स्मृतिदिन पाळण्यात येईल. साहेब फुटबॉलमध्ये राइट आउटला, म्हणजे उजव्या कडेला, खेळत. चहा मिळेल. चपला जोडीने काढाव्यात. दहा म्हणजे दहा.

खडकीत राहायला येऊन मला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेली ही सूचना मी दोनदा वाचली. तुम्ही माझ्या जागी असता तर जे केलं असतं, तेच मी केलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, चेहरा शक्य तितका पाडला आणि दहाला दोन मिनिटं कमी असताना दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. दार एका ठेंगण्या, चष्मेवाल्या बाईंनी उघडलं.

"फार वाईट झालं," मी म्हणालो. "साहेबांना काय होत होतं?"

"साहेबांना होय? ते लढाईत गेले. शंभर वर्षं झाली. साखर किती घालू?"

या काकू. त्यांच्या मागे स्टुलावर उभं राहून भिंतीवरच्या फोटोचा हार सरळ करत होते, ते काका. मागे वळूनही न बघता ते म्हणाले, "दोन मिनिटं लवकर आलात. रिजेक्ट करत नाही. बसा."

काकांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली. तपासणी खात्यात. हातात कायम गेज. गेज म्हणजे नेमक्या मापाचं लोखंडी कडं; गोळा त्यातून सरकला तर पास, अडकला तर रिजेक्ट. "मधलं काही नसतं, मास्तर," ते मला सांगत. "मधलं म्हणजे स्फोट." मी सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, हे कळल्यापासून मी त्यांचा मास्तर झालो होतो.

निवृत्त झाले तरी मनातलं गेज काही त्यांनी खाली ठेवलं नाही. कोथिंबिरीची जुडी उलटी धरून झटकायची आणि भाजीवाल्यासमोर निकाल द्यायचा: रिजेक्ट. रिक्षाचं मीटर, टीव्हीवरच्या बातम्या, माझा नवा चष्मा, सगळं रिजेक्ट. "पास" हा शब्द मी त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. काकूंच्या भाकरीलासुद्धा नाही. चांगली भाकरी ते मुकाट्याने खात, एवढंच.

"पास म्हटलं की पेन्शन कापतात यांची," काकू म्हणायच्या.

आता त्या फोटोकडे या. अकरा गोरे, अकरा मिश्या, आणि हसायची एकाचीही तयारी नाही. बसलेल्या ओळीत उजवीकडून दुसरा, हाताची घडी घातलेला, एक भुवई किंचित वर गेलेला, तो साहेब. चौकटीला चंदनाचा हार. खाली फळीवर काचेची पेटी आणि पेटीत घोट्याच्या वर चढणारे तपकिरी बूट, तळव्याला चामड्याच्या गुंड्या ठोकलेले. दर रविवारी काका ते बाहेर काढून त्यांना तेल लावायचे. बुटांना हात लावायची परवानगी घरात काकूंनाही नव्हती. काकूंनी ती कधी मागितल्याचंही ऐकिवात नाही.

स्मृतिदिनाचं भाषण दर वर्षी तेच असे. काका फोटोशेजारी ताठ उभे राहत. "विलायतेत दुसऱ्या दर्जाच्या क्लबात अकरा सामने. दोन गोल. एक बारला लागला. बारला लागलेला धरत नाहीत, पण सांगायचा असतो. पुढे क्लबाच्या मॅनेजरशी भांडण, म्हणून फौजेत भरती. म्हणून खडकी. म्हणून आपण." मग घड्याळ लावून दोन मिनिटं शांतता. मग बटाटेवडे. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले दर वर्षी वडा हातात घेऊन विचारायचे, "पण हा तुमचा लागतो कोण?" आणि काका दर वर्षी म्हणायचे, "चटणी घ्या."

लागतो कोण, ते त्यांनी मला एका रविवारी बुटांना तेल लावता लावता सांगितलं.

काकांचे आजोबा तेव्हा विशीतले. इथल्याच गोऱ्या पलटणीच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या कामावर. जात अशी, की रेषा मारायची पण आत पाय ठेवायचा नाही. दुपारी अख्खी पलटण झोपली की हा एकटा राइट आउट बॉल घेऊन मैदानावर यायचा. सरावासाठी अडवणारा कुणीतरी हवा. त्याने आजोबांना बोटाने बोलावलं, छातीवर बोट टेकवलं आणि म्हणाला, "बॅक." म्हणजे तू बॅक. झाली निवड. अनवाणी बॅक आणि बुटांतला राइट आउट, दुपारी दोन ते चार, दोन वर्षं.

"पहिल्याच दिवशी धडक बसली आणि आजोबा पडले," काका म्हणाले. "त्याने हात दिला."

फडकं बुटावरच राहिलं.

"हात देऊन उठवलं, मास्तर. आजोबांना तोवर परक्या माणसाचा हात लागला नव्हता. मारायचं असलं तरी काठी वापरत."

मी जरा आगाऊ माणूस आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी म्हणालो, "साहेबाचं काय जातंय? घरी जाऊन साबणाने हात धुतले असतील."

"धुतले असतील," काका शांतपणे म्हणाले. "मी कुठे म्हणतो नाही धुतले? पण दिला ना."

मग मोठी लढाई लागली. पलटण इराकच्या बाजूला गेली. जाताना साहेब बूट आणि फोटो सामानाच्या कोठीत ठेवून गेला. जवळजवळ वर्षभराने, जुलैच्या दुसऱ्या रविवारी, बराकीसमोर चादर अंथरली गेली. पलटणीत रिवाज होता: शिपाई मेला की त्याचं सामान चादरीवर मांडायचं आणि साथीदारांत लिलाव करायचा. खडकी बाजारातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं, चादर अंथरली म्हणजे कुणीतरी गेला. आजोबा लांबून बघत होते. चादरीवर त्यांना ते बूट दिसले.

खेळणारा माणूस जिवंतपणी बूट विकत नाही. आजोबांना दुसरं काही विचारायची गरज वाटली नाही, आणि विचारणार तरी कुणाला? लिलावात बोलायची त्यांना मुभा नव्हती. त्यांनी खानसाम्याच्या हातापाया पडून त्याला बोलायला लावलं आणि बूट सोडवले. बुटांबरोबर फोटो फुकट आला. त्या दिवशी जो हार चढला, तो चढला.

पुढे छप्पन्न साली घराने बौद्ध धम्म स्वीकारला. आजोबांनी घरातले सगळे देव बाहेर काढले. भिंतीवर बुद्ध आले. शेजाऱ्यांनी विचारलं, सगळे गेले, मग हा गोरा का राहिला? आजोबा म्हणाले, "तो देव नाही. तो ओळखीचा आहे."

जाताना आजोबांनी काकांचा हात धरून एकच मागणं केलं होतं. "त्याला तिकडं कुणी रडणारं होतं की नव्हतं, कोण जाणे. त्याचं नाव कुठंतरी लागलं पाहिजे."

हे मागणं काकांनी पन्नास वर्षं जपून ठेवलं होतं. काय करायचं ते कळत नव्हतं. मग त्यांची मुलगी, ती खराडीला एका कंपनीत आहे, तिने एकदा फोनवर शोधून दाखवलं: विलायतेतल्या त्या क्लबाच्या मैदानाबाहेर एक दगड आहे, त्यावर लढाईत मेलेल्या खेळाडूंची नावं कोरलेली आहेत. काकांनी दगडाचा फोटो कागदावर काढून आणला. भिंग लावून वरून खाली वाचला, खालून वर वाचला. राइट आउटचं नाव नव्हतं.

"नजरचुकीने राहिलंय," काका म्हणाले. "तपासणी ढिली. मास्तर, कागद घ्या."

अशी आमची मोहीम सुरू झाली. काका येरझाऱ्या घालत मराठीत सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे. ते सांगत, "आपल्या अक्षम्य गलथानपणाबद्दल आम्ही तीव्र नाराजी नोंदवीत आहोत." मी लिहायचो, आपण वेळात वेळ काढून लक्ष घालाल, अशी आशा आहे. काका कागद हातात घेऊन ओळी मोजत.

"मी एवढं बोललो, ते इंग्रजीत इतकं थोडं कसं झालं?"

"इंग्रजी आटोपशीर भाषा आहे, काका."

"रिजेक्ट. नाराजी दिसत नाही."

दोन वर्षं हे चाललं. तिकडे क्लबाची जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या एक निवृत्त बाई होत्या. त्यांची उत्तरं इतकी गोड असत, की काकांना त्यांचा संशय येई. मधल्या काळात काकांचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली. काका दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून त्यांनी उतरणंच कमी केलं. "मी जाण्याआधी ते नाव लागलं पाहिजे, मास्तर," एवढंच म्हणाले. ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की मला विनोद सुचला नाही.

जूनमध्ये बाईंचं पत्र आलं. माझ्या ईमेलवर. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं.

साहेब लढाईत मेला नव्हता.

बाईंना त्यांच्या गावच्या जुन्या वर्तमानपत्राचं एक कात्रण सापडलं होतं. त्यात म्हाताऱ्या साहेबाची मुलाखत होती. इराकमध्ये त्याच्या पायाला गोळी लागली. पाय सडला. त्याला बोटीने मुंबईच्या इस्पितळात आणलं आणि गुडघ्याच्या वरून पाय कापला. तिथूनच त्याने खडकीला कळवलं, की माझे बूट विकून टाका. मग तो घरी गेला, लग्न केलं, तंबाखू आणि वर्तमानपत्रांचं लहानसं दुकान टाकलं आणि चांगला म्हातारा होऊन, एका जानेवारीत, आपल्या बिछान्यात वारला.

मी बोलका माणूस आहे. जिन्यात भेटलेल्या पोस्टमनलाही मी दहा मिनिटं सोडत नाही. तो मी वीस दिवस गप्प राहिलो. या माणसाला सांगायचं काय? तुमच्या तीन पिढ्यांनी एका धडधाकट दुकानदाराच्या फोटोला हार घातला? वडे तळले? दगडावर नाव नाही, कारण त्या लोकांची तपासणी बरोबर होती?

जुलैचा दुसरा रविवार आला. मी गेलो. भाषण झालं, बार झाला, चटणी झाली. दोन मिनिटं मी मान खाली घालून उभा होतो आणि त्या दोन मिनिटांत माझ्याइतका अपराधी माणूस अख्ख्या खडकीत नसेल. सगळे पांगले. मीही सटकत होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "मास्तर, बसा. दर वर्षी शांततेत तुम्ही घड्याळाकडे बघता. आज बुटांकडे बघत होतात. काय आलंय?"

छत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेल्या माणसापुढे मी काय टिकणार. मी फोन काढला आणि मराठी करत करत सगळं वाचून दाखवलं. काकू ओल्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या.

काकांनी पेटीतल्या बुटांकडे पाहिलं. मग विचारलं, "पाय कुठला?"

"उजवा."

"राइट आउटचा उजवा." त्यांनी मान हलवली. "म्हणून बूट विकले. म्हणजे आजोबा अगदीच चुकले नव्हते."

"मुंबईत किती दिवस होता?" त्यांनी पुढे विचारलं.

"तीन महिने."

"म्हणजे आजोबा इथे रडत होते, तेव्हा तो घाटाखाली पडला होता. गाडीत बसले असते तर भेटून आले असते." मग थोड्या वेळाने: "वारला केव्हा?"

मी सांगितलं. काकांनी बोटांवर हिशेब केला. साहेब आजोबांच्या मागून दोन वर्षांनी गेला होता. "दोघे एकदमच म्हातारे झाले," ते म्हणाले. "हा तिकडे, तो इकडे. एक पत्र नाही."

"आयुष्यभर सगळं जग तपासलंत," दारातून काकू म्हणाल्या. "माझी भाकरी तपासली. एवढं एक तपासायचं राहिलं होय?" त्या रागाने बोलायला निघाल्या होत्या, पण शेवटी आवाज फुटला, म्हणून त्या आत गेल्या.

काका उठले. स्टूल ओढलं. मी धरायला पुढे झालो, तर नको म्हणाले. वर चढून त्यांनी चंदनाचा हार काढला, पुसला आणि घडी करून पेटीवर ठेवला. हाराखालचा चौकटीचा रंग वेगळा होता, कोवळा, जणू कालच दुकानातून आणलेली.

"काका, अजून थोडं आहे," मी म्हणालो. हा भाग मी शेवटी ठेवला होता, कारण तो मलाच नीट वाचता येत नव्हता. मुलाखतीत साहेबाला विचारलं होतं, तुम्ही सगळ्यांत चांगला खेळ कुठे खेळलात? तो म्हणाला होता, हिंदुस्थानात, एका भाजलेल्या मैदानावर, एका अनवाणी बॅकसमोर. तो मला कधी सहज जाऊ द्यायचा नाही. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

काकांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा, इंग्रजीतच.

"कागद घ्या, मास्तर," ते म्हणाले.

ते आमचं शेवटचं पत्र. त्यात नाराजी नव्हती. दगडावरील नावासंबंधीचा आमचा अर्ज आम्ही मागे घेत आहोत. तपासणीतील चूक आमच्या बाजूची आहे, क्षमस्व. मात्र आपल्या कागदपत्रांत एक नोंद राहिली आहे, ती करून घ्यावी. सदर बॅकचे नाव पुढीलप्रमाणे. आणि काकांनी आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं: त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, मुक्काम खडकी. मी टाइप केलं. त्यांनी भिंगातून एकेक अक्षर पाहिलं. दोनदा, तीनदा. फोन माझ्या हातात परत दिला.

"पास," काका म्हणाले.

नोंद झाली. बाईंनी कात्रणाच्या शेजारी आजोबांचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. काकांनी तो छापून आणायला लावला, पण भिंतीवर लावला नाही. खिशात ठेवत.

पत्र गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला फळ्याकडे पाठवलं होतं. मजकूर त्यांचा, खडू माझा. अत्यंत गंभीर व महत्त्वाची सूचना. साहेबांच्या निधनाची खरी तारीख उपलब्ध झाल्याने यापुढे स्मृतिदिन जानेवारीत पाळण्यात येईल. मागील सर्व स्मृतिदिन रद्द समजावेत. घेतलेला चहा परत करण्याची आवश्यकता नाही.

चार महिने साहेब भिंतीवर बिनहाराचा होता. काका खुर्ची वळवून त्याच्यासमोर बसायचे. "आता कसा दिसतो, मास्तर? माणसासारखा." जानेवारीच्या भाषणाची ते तयारी करत होते. अकरा सामने, दोन गोल, एक बारला लागला, इथपर्यंत जुनंच. पुढे काय म्हणायचं ते जुळवत होते. एकदा म्हणाले, "लढाईत मेला हे सांगायला सोपं होतं हो. दुकान चालवलं, हे ताठ उभं राहून कसं सांगायचं?"

नोव्हेंबरच्या एका सकाळी काकूंनी भाकरी वाढली आणि काका जेवायला आले नाहीत. खुर्चीतच होते, फोटोकडे तोंड करून.

फळ्यावरची ती सूचना अजून कुणी पुसलेली नाही. माझं अक्षर आहे, पण मलाही पुसवत नाही.

तिसऱ्या दिवशी शोकसभेला सगळी इमारत दुसऱ्या मजल्यावर जमली. चपला जोडीने काढल्या होत्या, न सांगता. काकांचा कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो साहेबाच्या शेजारी टांगला होता. दोघांची एकेक भुवई वर. तीन दिवसांत काकू एक शब्द बोलल्या नव्हत्या. भिंतीला टेकून नुसत्या बसल्या होत्या. बँकवाले स्टुलावर चढले. मुलीने त्यांच्या हातात झेंडूचा हार दिला. त्यांनी तो काकांच्या फोटोवर धरला, आणि तेवढ्यात काकूंच्या तोंडून गेलं:

"घाई करू नका हो. आधी नीट तपासा. या घरात एकदा चूक झालेली आहे."